देहांतील हिरवे भाडेकरू

पावसाळा सरला, कीं तापीचा गढूळपणा हळूहळू खालीं बसूं लागतो. चांगदेवाजवळ पूर्णेस पोटांत घेऊन ती हतनूरच्या धरणांत विसावते, आणि पुढें भुसावळच्या बाजूस कांठच्या उथळ, संथ पाण्यांत ऊन तळापर्यंत पोंचतें. या उन्हावर जगणाऱ्या पाणवनस्पती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु गोड्या पाण्यांतले कांहीं प्राणीही थोडेफार उन्हावरच जगतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

असा प्राणी पाहून प्रथम गोंधळला तो जिनिव्हाचा अब्राहाम ट्रेंबले. हॉलंडांत एका सरदाराच्या मुलांस तो शिकवीत असे. १७४० सालीं तेथल्या डबक्याच्या पाण्यांत त्याला नखाहून आंखूड असे हिरवे जीव आढळले. रंगावरून ती वनस्पति वाटावी. पण ते तंतूंसारखे हात हालवीत आणि जागाही बदलीत. निर्णयासाठीं त्यानें एकाचे दोन तुकडे केले, तों त्यांचे दोन पुरे जीव झाले! अखेर ते पाण्यांतले किडे गिळतांना दिसले, तेव्हां प्राणी ठरले. हाच हायड्रा. तो हिरवा कां, याचा उलगडा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाला. तो रंग त्याचा नव्हेच. त्याच्या पेशींत राहणाऱ्या क्लोरेला जातीच्या एकपेशीय शेवाळाचा तो रंग.

हें शेवाळ उन्हांत साखर तयार करतें व तिचा बराच भाग माल्टोजच्या रूपानें यजमानास देतें. शिवाय प्राणवायु देतें. उलट त्यास कर्बवायु व नत्रयुक्त द्रव्यें मिळतात. भक्ष्य मिळेनासें झालें, तर हिरवा हायड्रा उजेडांत अधिक दिवस तग धरतो. त्याच्या अंड्यांतही हें शेवाळ उतरतें; म्हणजे भाडेकरू पिढीजात झाला. आपल्या गोड्या मसाल्यांतलें दगडफूल हेंही बुरशी व शेवाळ यांचें असेंच एकत्र कुटुंब आहे. फक्त तेथला घरमालक प्राणी नव्हे.

या व्यवस्थेस 'सहजीवन' म्हणतात. हा शब्द ऐकतांच समान वाटे डोळ्यांपुढें येतात, आणि तेथेंच जरा थांबलें पाहिजे. पॅरामीशियम बर्सारिया या एकपेशीय प्राण्यांत अशीं शेकडों शेवाळें असतात, प्रत्येक आपापल्या पातळ कोठडींत. २०१६ सालीं इंग्लंडांतील संशोधकांनीं निरनिराळ्या उजेडांत या जोडीचा जमाखर्च मांडून पाहिला. उजेड वाढला तसा यजमानाचा फायदा वाढला. पण मोकळ्या राहणाऱ्या शेवाळाशीं तुलना करतां आंतल्या शेवाळाच्या पदरीं कांहीं नफा पडलेला दिसेना. प्रखर उजेडांत तर यजमान त्यांची संख्याच कमी ठेवी. मिळवते अनेक आणि कारभारी एक, असें हें घर आहे.

भाडेकरू घरांत येतात तो प्रकारही मजेचा आहे. हा पॅरामीशियम फार दिवस अंधारांत ठेवला, तर तो शेवाळ गमावून पांढरा पडतो. मग त्याला मोकळें क्लोरेला खाऊं घातलें, कीं त्यांतलें बहुतेक पचून जातें. जें थोडें पचनांतून वांचतें, तेंच पेशीच्या कडेला जाऊन स्थायिक होतें.

गोड्या पाण्यांतल्या कांहीं स्पंजांतही हेंच शेवाळ असतें. उन्हाची बाजू हिरवी, दगडाखालची फिकट. हे स्पंज आपल्याकडे नवे नाहींत. मुंबई बेटावरील तळ्यांतल्या स्पंजांचें सविस्तर वर्णन हेन्री जॉन कार्टर या कंपनी सरकारच्या शस्त्रवैद्यानें १८४९ सालींच प्रसिद्ध केलें होतें.

ज्यांच्या घरीं जिज्ञासु मुलें आहेत, त्यांनीं हिंवाळ्यांत नदीकांठच्या पाणवनस्पतींच्या दोनचार काड्या त्याच पाण्यासह आणून कांचेच्या बरणींत ठेवाव्या. हायड्रा असल्यास एकदोन दिवसांत उजेडाच्या बाजूस कांचेला चिकटलेला दिसतो. तो हिरवाच असेल असें नाहीं, तपकिरी किंवा पांढुरकाही असतो. पॅरामीशियमसाठीं शाळेंतला सूक्ष्मदर्शक मागावा लागेल. बरणी खिडकीजवळ असावी, पण भर उन्हांत नको. खानदेशच्या उन्हांत पाणी तापून घरमालक आणि भाडेकरू दोघेही मरतील.