पवनाकाठचे तंबू

शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतून लोणावळ्याच्या दिशेने मोटारींची जी रांग लागते, ती आता लोणावळ्यातच थांबत नाही. थंड हवेच्या या लहानशा गावातील हॉटेले आणि बंगले मागे टाकून तिच्यातील बराच भाग डोंगरापलीकडे पवना धरणाच्या जलाशयाकडे वळतो. आणि अंधार पडण्यापूर्वी तुंग, तिकोना व लोहगड या किल्ल्यांच्या परिसरात पाण्याच्या कडेने तंबूंच्या ओळी उभ्या राहतात. रात्री शेकोट्या पेटतात, ध्वनिवर्धक गर्जू लागतात, आणि रविवारी दुपारी मंडळी परततात तेव्हा काठावर काय उरलेले असते, याचे वर्णन सुशिक्षित वाचकांपुढे न केलेलेच बरे!

शहरातील माणसाने महिन्याकाठी एखादी रात्र उघड्या आभाळाखाली काढावी, यात नाक मुरडण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्यांना बंगला परवडत नाही, अशा तरुणांना डोंगराचा सहवास तंबूमुळे लाभतो, ही तर स्वागताचीच गोष्ट होय. परंतु तंबूविषयी एक भ्रम आहे, तो दूर केला पाहिजे. तंबूला पाया नसतो, भिंती नसतात, म्हणून त्याचा भूमीवर भार पडत नाही, हा तो भ्रम. तंबू गुंडाळून नेता येतो. त्यात राहिलेल्या माणसांचा मैला आणि खरकटे पाणी गुंडाळून नेता येत नाही. ते उताराच्या वाटेने जलाशयाकडेच जाणार. आणि हे पाणी शोभेचे नव्हे. धरणातून सोडलेले हे पाणी नदीच्या पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून उचलले जाऊन पिंपरी-चिंचवडच्या लक्षावधी घरांत पोहोचते. रविवारी सहलीहून परतलेला गृहस्थ सोमवारी सकाळी कोणते पाणी पितो, याचा विचार त्याने स्वतःच करावा.

अशा वेळी सरकारी यंत्रणेला सुचणारा पहिला उपाय म्हणजे बंदी. नोटिसा काढाव्या, तंबू उपटावे, चार दिवस पोलीस उभे करावे, आणि पाचव्या दिवशी पुन्हा पूर्ववत् सर्व चालू व्हावे! आमचा या उपायाला विरोध आहे, आणि तो केवळ तो निष्फळ ठरतो म्हणून नव्हे. हे तंबू लावतो कोण, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. बाहेरचे धनिक यात आहेतच. पण भोवतालच्या गावांतील अनेक कुटुंबे आज याच धंद्यावर उभी आहेत. ज्यांच्या पिढीजाद जमिनी या धरणाखाली बुडाल्या, त्यांचे वारस यांत आहेत. पर्यायी जमिनीसाठी चाललेला या धरणग्रस्तांचा लढा अर्धशतक उलटले तरी मिटला नव्हता. याच धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने शहराला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचा शेतकरी रस्त्यावर आला, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. जमीन गेली, पाणी शहराला गेले, आणि आता काठावरची चार तंबूंची कमाई तेवढी हातात आहे. तीही शहराच्या पाण्याच्या शुद्धतेसाठी काढून घ्यावयाची असेल, तर तो न्याय नव्हे.

मग उपाय कोणता? या बाबतीत अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. योसेमिटीच्या उद्यानात १९१३ मध्ये मोटारींना प्रवेश मिळाला आणि थोड्याच वर्षांत तेथील वनांत वाटेल तेथे गाडी घुसवून, वाटेल तेथे चूल पेटवून मुक्काम ठोकणाऱ्यांची झुंबड उडाली. तेव्हा वनखात्यात वृक्षरोगांचे शास्त्रज्ञ असलेल्या ई. पी. माइनेके यांनी दाखवून दिले की, चाकांखाली आणि पायांखाली माती दडपली गेल्याने झाडांची मुळे गुदमरतात, आणि माणसे ज्या सावलीसाठी येतात ती सावलीच त्यांच्या येण्याने मरते. त्यांनी बंदी सुचविली नाही. एकाच दिशेने जाणारा वळणाचा रस्ता, प्रत्येक गाडीसाठी त्याला फुटलेला छोटा फाटा, ठरलेली चूल, ठरलेले मेज, आणि गाडी याबाहेर जाऊ नये म्हणून मोठे दगड किंवा ओंडके, एवढीच त्यांची योजना. १९३० नंतरच्या दशकात तेथे ठिकठिकाणी असे तळ बांधले गेले. गर्दीला जागा नेमून दिली की गर्दीचे रूप पालटते, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. निजण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेले हे चाकांवरचे घर तंबूपेक्षा एका अर्थी अधिक सभ्य, कारण त्याचा मैला त्याच्या टाकीत साठतो. पण भरलेली टाकी कोठे तरी रिकामी करावी लागते! तशी सोय नसेल तर रस्त्याकडेचा ओढा हीच ती सोय ठरेल. मावळातील अरुंद वळणांवर ही अवजड वाहने कशी जाणार, हा प्रश्न आणखी निराळा.

जलाशयाभोवती ठराविक संख्येचे, पाण्यापासून पुरेसे दूर असलेले तळ आखावे. तेथे शौचालये, मैला उपसण्याची आणि कॅराव्हॅनच्या टाक्या रिकाम्या करण्याची सोय असावी, आणि तळ भरला की त्या रात्रीपुरता तो बंद व्हावा. रात्री ध्वनिवर्धक नको. तळ चालविण्याचा पहिला हक्क धरणग्रस्त कुटुंबांचा असावा. लिलाव करून ठेकेदाराला ते देण्याचा मोह सरकारने आवरावा. लोहगडाची जागतिक वारसा स्थळांत जुलै २०२५ मध्ये गणना झाल्यापासून या खोऱ्याकडे पाहण्याची भांडवलवाल्यांची नजर अधिकच तीक्ष्ण झाली असणार, म्हणून ही गोष्ट आजच कागदावर आली पाहिजे.

राहिला खर्चाचा प्रश्न. तो सगळा तंबूवाल्या शेतकऱ्याच्या माथी मारला तर तळ कधीच उभे राहणार नाहीत. पर्यटकाकडून प्रत्येक रात्रीमागे शुल्क घ्यावे हे उघड आहे. पण त्याबरोबर पवनेचे पाणी पिणाऱ्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनेही आपला वाटा उचलावा. पाणी शुद्ध करण्यावर महापालिका खर्च करतेच. त्यातला थोडासा भाग धरणाच्या काठावर शौचालये बांधण्यासाठी द्यावा, असा ठराव तिच्या सभागृहात मांडण्यास एखादा सभासद पुढे येईल काय?