तांब्याचा भाव आणि पळसदरीचा पंप
तांब्याची मागणी का वाढतेय? पेट्रोल गाडीत साधारण 20-25 किलो तांबं लागतं, इलेक्ट्रिक गाडीत 80 किलोच्या आसपास. सौर प्रकल्प, डेटा सेंटरलाही तेच हवं. 2018 मध्ये तुतिकोरिनचा कारखाना बंद पडल्यावर देशाची आयात वाढली.

पळसदरीचा संबंध काय? एका बाजूला खोपोली, दुसरीकडे भिवपुरी. दोन्हीकडे शंभर वर्षांची जलविद्युत केंद्रं. भिवपुरीत आता 1000 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प नियोजित आहे. स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं, मागणीच्या वेळी खाली सोडून वीज करायची. त्या यंत्रांची गुंडाळीही तांब्याचीच.

पण भाव चढला की चोरांची नजर रोहित्रावर जाते आणि शेतकऱ्याचा पंप बंद पडतो. वितळवलेलं तांबं ओळखता येत नाही. म्हणूनच भंगार खरेदीची पक्की नोंद सक्तीची हवी.