सीमाशुल्काचा ‘एईओ’ दर्जा: निर्यातक्षम द्राक्षाच्या सौद्यात त्याचा उपयोग किती?

निर्यातीची द्राक्षे काढली की वेळेशी शर्यत सुरू होते. पॅकहाऊस, प्री-कूलिंग, रीफर कंटेनर, न्हावा शेवा बंदर आणि पुढे युरोपपर्यंतचा समुद्रप्रवास. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला. अशा वेळी बंदरावर वाचलेला एक दिवसही मण्यांचा टवटवीतपणा आणि देठाचा हिरवेपणा टिकवायला मदत करतो. म्हणूनच ‘आमच्याकडे एईओ दर्जा आहे’ असे निर्यातदार सांगतो, तेव्हा त्याचा नेमका अर्थ तुम्हाला माहीत हवा.

एईओ म्हणजे काय?

ऑथोराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर म्हणजे सीमाशुल्क विभागाने तपासून विश्वासू ठरवलेला व्यावसायिक. भारतात ही योजना २०११ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०१६ मध्ये तिची नव्याने मांडणी झाली. आयातदार-निर्यातदारांसाठी टी-१, टी-२ व टी-३ अशा तीन पायऱ्या आहेत. टी-१ कागदपत्रांच्या आधारे मिळतो, तर टी-२ साठी जागेवर पाहणी होते. वाहतूकदार, गोदामचालक व कस्टम्स ब्रोकर यांच्यासाठी ‘एलओ’ हा वेगळा दर्जा आहे.

फायदा असा, की अशा निर्यातदाराच्या मालाची तपासणी कमी वेळा होते आणि पॅकहाऊसमध्ये सील केलेला कंटेनर थेट बंदरात नेता येतो. दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग व अमेरिकेशी परस्पर मान्यतेचे करारही झाले आहेत.

दर्जा काय सांगत नाही?

हा विश्वास सीमाशुल्काच्या कागदपत्रांपुरता आणि मालाच्या सुरक्षिततेपुरता आहे. तुमच्या बागेतील कीडनाशक अंशाची हमी त्यात नाही. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. तशी वेळ आली तर एईओ दर्जा उपयोगी पडत नाही. ग्रेपनेटमधील बागेची नोंदणी, फवारणीची नोंदवही, काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी, अंश तपासणी अहवाल आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र यांना पर्याय नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. निर्यातदार तुमचे पैसे वेळेवर देईल का, हे एईओ तपासत नाही. सरकारचा विश्वास आणि तुमचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर, प्रतवारी, वजनातील घट, माल नाकारला गेल्यास तोटा कोणाचा आणि पैसे किती दिवसांत, हे काढणीआधी लेखी घ्या.

शेतकरी कंपन्यांसाठी

स्वतः निर्यात करणाऱ्या कंपनीलाही टी-१ साठी अर्ज करता येतो. साधारण नियम तीन वर्षांचा व्यवसाय आणि वर्षाला २५ सीमाशुल्क दस्तऐवज असा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना २०२० मध्ये सवलत मिळाली. त्यांना दोन वर्षांचा व्यवसाय व वर्षाला १० दस्तऐवज पुरतात, मात्र प्रत्येक सहामाहीत किमान पाच हवेत.

खरी अडचण इथेच आहे. द्राक्षाची निर्यात प्रामुख्याने जानेवारी ते एप्रिलमध्ये होते. आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजले, तर पहिल्या सहामाहीच्या वाट्याला फार थोडी पाठवणी येते. त्यामुळे केवळ द्राक्षावर अवलंबून असलेल्या कंपनीला ही अट जड जाते. आंबा, भेंडी, डाळिंब किंवा कांद्याची पाठवणी जोडता आली तर ती सहज पूर्ण होईल. अर्जाआधी आपल्या शिपिंग बिलांची सहामाहीनुसार मोजणी करा.

थोडक्यात, दोन निर्यातदार दर व पैसे देण्याच्या बाबतीत सारखे असतील, तर एईओ असलेला निवडा. पण केवळ त्या दर्जावर बाग देऊ नका.