धडधड कुणाला सांगायची?

छातीत धडधडतं, तळहातांना घाम येतो, रात्री तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. ईसीजी काढला, तो चांगला आला. फॅमिली डॉक्टर म्हणाले, एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटून या. आणि गाडी तिथेच अडते. लोक काय म्हणतील, घरात लग्नाची मुलगी आहे, गोळ्यांची सवय लागली तर? अशात कुणीतरी ॲक्युपंक्चरवाल्यांचा पत्ता देतं आणि तिथे मात्र माणूस लगेच जातो. ‘झोप येत नाही, मान आखडते’ एवढं सांगितलं तरी तिथे भागतं.

ही विद्या आपल्याकडे आली त्याला महाराष्ट्राचाही एक धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात डॉ. बिजॉय कुमार बसू होते. कोटणीस तिथेच वारले. बसूंनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून कोलकात्यात ते सुरू केलं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, केंद्र सरकारने २०१९ मध्ये मान्यता दिली.

सरकारी मान्यता मिळाली म्हणून गुण सिद्ध होत नाही. जर्मनीत अकराशेहून अधिक कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. नेमक्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना आराम पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. म्हणजे बिंदू कुठला, याला फारसं महत्त्व उरलं नाही. आराम मात्र खरा होता. कुणीतरी अर्धा तास आपल्यासाठी दिला, विचारपूस केली, शांत पडून राहायला लावलं, यातही औषध असतं. चिंतेच्या बाबतीत तर ते अधिकच असणार, असं मला वाटतं. शस्त्रक्रियेआधी दोन भुवयांच्या मध्ये दाब दिल्याने धास्ती कमी झाल्याचं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. मोठा, भक्कम पुरावा अजून नाही.

दाब देणं तर घरच्या घरीही जमतं. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला, दोन कंडरांच्या मधल्या जागी अंगठा ठेवून दोन मिनिटं दाबायचं आणि श्वास सावकाश सोडायचा. (या बिंदूचा पुरावा खरं तर मळमळीसाठी जास्त चांगला आहे.) परीक्षेच्या हॉलबाहेर, एमआरआयच्या रांगेत हे जरूर करावं. त्याला पैसे पडत नाहीत. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलेही बिंदू दाबून घेऊ नयेत.

माझा आक्षेप दाव्यांना आहे. ‘दहा सिटिंगमध्ये डिप्रेशन मुळापासून बरं’ असा बोर्ड लावणं हा रुग्णाचा घात आहे. मानसोपचाराच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास उसळून येतो. ‘आता सुया सुरू झाल्या, गोळ्या सोडा’ असं जो सांगतो, त्याच्याकडून उठून यावं. नोंदणी क्रमांक मागावा, सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावं. यात संकोच कसला?

ॲक्युपंक्चर करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुष्कळ माणसं आपली भीती आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यासमोर बोलून दाखवतात. मान आखडली म्हणून आलेल्याला झोपेबद्दल विचारा, जेवण जातं का विचारा, जगणं नकोसं होतं का हेही विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच दिवशी घरच्या माणसाला बोलावून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. ज्यांना कुणाच्याच दारात जायचं नसेल, त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.