लग्नाचा कागद कुणाला लागतो?

समलिंगी विवाह ही शहरी, उच्चभ्रू वर्गाची मागणी आहे, असं केंद्र सरकारनं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडलं. इथे कल्याणजवळ विठ्ठलवाडीत तेच मी सोप्या शब्दांत ऐकते: "भरल्या पोटाची थेरं!" तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात सरकारचं हे म्हणणं नाकारलं. मला त्याच्या पुढचं सांगायचंय. या कागदाची सगळ्यात कमी गरज श्रीमंताला आहे. खरी गरज आहे ती कोळसेवाडीच्या चाळीत, उल्हासनगरच्या कॅम्पात भाड्याची खोली घेऊन 'मैत्रिणी' किंवा 'गाववाले' म्हणून राहणाऱ्यांना.

पैसेवालं जोडपं वकील गाठतं, मृत्युपत्र करतं, घर दोघांच्या नावावर घेतं. परदेशात जाऊन लग्नही लावून येतं. कारखान्यात राबणाऱ्या बाईकडे काय असतं? पीएफ. आणि तिथेच अडतं. 1952 च्या भविष्य निर्वाह निधी योजनेप्रमाणे कर्मचाऱ्याला कुटुंब असेल तर नॉमिनी म्हणून कुटुंबातल्याच माणसाचं नाव द्यावं लागतं. बाहेरचं नाव दिलं तर ते रद्द. कुटुंबात नवरा किंवा बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडीलही येतात. म्हणजे गावी म्हाताऱ्या आईला पोसणाऱ्या मुलीला, जिच्याबरोबर ती वर्षानुवर्षं संसार करते तिचं नाव त्या फॉर्मवर लिहिताच येत नाही.

लोकलचं तर बोलायलाच नको. दारात लटकून जाणारा माणूस पडून गेला, तर रेल्वे 8 लाख भरपाई देते. ती कुणाला मिळेल, हे 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 123 मध्ये लिहिलंय: बायको, नवरा, मुलगा, मुलगी, आईवडील आणि काही ठराविक नातेवाईक. रात्री त्याची वाट बघत जेवण झाकून बसलेला जोडीदार त्या यादीत कुठेच नाही. "राहा की एकत्र, कोण अडवतंय?" असं विचारणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही त्यांना एका घरातलं धरायला सांगितलं. हे चांगलंच झालं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस दावा लावू शकतात, आणि कायद्यानं वारस ठरतात ते रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याचे.

संस्कृतीचा आक्षेप तर महाराष्ट्रात तरी कुणी घेऊ नये. सत्यशोधक समाजानं 1873 मध्ये पुरोहिताशिवाय लग्न लावलं. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरुड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. शाहू महाराज तर उपदेशावर थांबले नाहीत. 1919 मध्ये त्यांनी आंतरजातीय लग्नाला कोल्हापूर संस्थानात कायद्याचा आधार दिला. आपल्याकडे लग्न असंच बदलत आलंय, आणि दर वेळी धर्म बुडाल्याची ओरड झालीय.

17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचं सांगितलं आणि विशेष विवाह कायदा बदलायचं काम संसदेवर सोडलं. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. तो निकाल मला पटलेला नाही, पण त्यानं जबाबदारी कुणाची ते तरी ठरवलं. संसदेत तोवर पाऊल पडलं नव्हतं असंही नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 1 एप्रिल 2022 रोजी विशेष विवाह कायदा बदलणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. लोकसभा विसर्जित झाली आणि तेही तिच्याबरोबर गेलं.

ते पुन्हा मांडलं जावं, आणि आमच्या कल्याणच्या खासदारांनी त्याच्या बाजूनं उभं राहावं. मात्र या वेळी नुसते नवरा-बायको हे शब्द बदलून भागणार नाही. 1954 च्या या कायद्यात लग्नाची नोटीस कार्यालयात लावून 30 दिवस हरकतींची वाट बघावी लागते. पळून आलेल्या आंतरजातीय जोडप्यांच्या घरच्यांना याच नोटिशीतून पत्ता लागतो. ज्या दोन मुलींच्या घरी अजून काहीच ठाऊक नाही, त्यांची नावं महिनाभर भिंतीवर लावणं म्हणजे त्यांना घरच्यांच्या हवाली करणं आहे. विधेयकात पहिलं कलम ही नोटीस काढून टाकणारं हवं.