दोष खानदानाला, माफी पुडीला

आमच्या नात्यातल्या एका मुलीला गेल्या महिन्यात लातूरहून रिश्ता आला होता. बोलणी जवळपास पक्की झाली आणि मग निरोप आला, "मुलीचे अब्बा तोंडाच्या कॅन्सरने गेले, म्हणजे आजार खानदानात आहे." आम्ही नांदेडहून फोन केला. फोनवर जे नीट सांगता आले नाही, ते इथे लिहीत आहोत.

आपल्या प्रत्येक पेशीत टीपी ५३ नावाचे जनुक असते. त्याचे काम पहारेकऱ्याचे. डीएनएला इजा झाली की ते पेशीची वाढ थांबवून दुरुस्तीला वेळ देते. दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावते. या जनुकातच बिघाड झाला (दहावीच्या पुस्तकातले 'उत्परिवर्तन' ते हेच) की पहारा उठतो आणि बिघडलेली पेशी वाढत सुटते.

हा बिघाड बहुतेकदा आईबापांकडून येत नाही. वर्षानुवर्षे गालात धरलेल्या तंबाखू-सुपारीने तो त्याच जागी होतो. टाटा मेमोरियलचे खारघर येथील संशोधन केंद्र आणि बंगालमधील कल्याणीची संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी गाल-हिरडीच्या कॅन्सरची गाठ आणि त्याच रुग्णाचे रक्त ताडून पाहिले. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. गाठीत नव्याने झालेल्या बिघाडांत टीपी ५३ ठळकपणे होते. गालातल्या पेशीचा असा बिघाड मुलाबाळांत उतरत नाही. मग मुलीचा कसूर काय?

स्तनाच्या कॅन्सरची गोष्ट थोडी वेगळी. तिथे शंभरात पाच-दहा रुग्णांत बीआरसीए १ किंवा २ सारख्या जनुकाचा बिघाड जन्मतःच असतो, आणि तो वडिलांकडूनही येऊ शकतो. अम्मी, खाला, फुफी यांच्यापैकी कुणाला कमी वयात हा आजार झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लपवू नये.

राहिली पुडी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी बोलणीच्या दिवशी पाहुण्यांपैकी दोघांच्या गालात ती होतीच! तंबाखू नसलेली नुसती सुपारीही निर्धोक नाही. तिने तोंड हळूहळू आखडत जाते.

त्या मुलीचा भाऊ एकवीस वर्षांचा आहे. परवा आम्ही त्याला तोंडात तीन बोटे उभी घालायला सांगितली. दोनच गेली. तिखट खाल्ले की आग होते, हेही त्याने तेव्हाच कबूल केले. येत्या सोमवारी त्याला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जाणार आहोत.