घरचे आरोग्य : नाक धुण्याचे पाणी



परवा सुर्ल्यातील एका घरी गेलो असता वृद्ध गृहिणीने मला विचारले, “फादर, आमचा धाकटा रोज सकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुतो. तो योगाचा प्रकार आहे म्हणतात. आपल्या माणसांनी तो करावा का?” मुलगा खनिजाच्या ट्रकावर कामाला. त्याचे उत्तर सरळ होते : “नाकातली तांबडी धूळ निघते आणि रात्री झोप लागते.”

डिचोलीकरांस ही धूळ नवी नाही. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि 2024 मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले.

प्रथम आईच्या शंकेविषयी. ‘हठयोगप्रदीपिका’ या ग्रंथात नेतीचे वर्णन आहे. पण तेथील नेती सुताची आहे, पाण्याची नव्हे. पाण्याने नाक धुण्याचा सल्ला आज डॉक्टरही सर्दीत व नाकाच्या जुनाट विकारांत देतात. तोंड धुणे पाप नाही, तसे नाक धुणेही नाही. आपण निर्धास्त असावे.

मला चिंता वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मुलगा पाणी थेट विहिरीतून घेत होता. “तेच पाणी आम्ही पितो,” असे तो म्हणाला. येथेच घोटाळा आहे. उबदार गोड्या पाण्यात ‘नेग्लेरिया’ नावाचा सूक्ष्म जीव आढळतो. पोटात गेल्यास त्याच्यापासून हा आजार होत नाही. परंतु नाकाच्या वरच्या भागातून तो गंधाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूत शिरू शकतो. हा आजार दुर्मिळ, पण बहुधा प्राणघातक असतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात 2011 मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसे त्याने दगावली. केरळातही 2024 व 2025 मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. म्हणून विहिरीचे, तळीचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. कापडाने गाळणेही पुरे नाही.

रीत अशी आहे. पाण्यास खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे, मग झाकून कोमट होऊ द्यावे. एक लिटर पाण्यास 9 ग्रॅम मीठ घ्यावे. म्हणजे पाव लिटरास लहान चमचा अर्ध्याहून किंचित कमी. आपल्या रक्तातील क्षारांशी हे प्रमाण जुळते, म्हणून नाक झोंबत नाही. निव्वळ पाणी मात्र झोंबते. आगरवाड्याच्या मिठागरांतील जाडे मीठ स्वयंपाकास उत्तम. पण त्यात मातीचे कण राहू शकतात, यास्तव येथे स्वच्छ बारीक मीठ वापरावे, आयोडीनविरहित मिळाल्यास अधिक चांगले.

तोटीचे भांडे घेऊन मोरीवर वाकावे, डोके एका बाजूस कलते ठेवावे आणि तोंडाने श्वास घ्यावा. वरच्या नाकपुडीत तोटी टेकवून पाणी हळूहळू सोडले की ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. जोर लावू नये. मग दुसरी बाजू. शेवटी पुढे वाकून नाक हलके शिंकरावे. जोराने शिंकरल्यास पाणी कानाकडे जाते. प्रत्येकाचे भांडे वेगळे असावे, आणि वापरानंतर ते धुऊन कोरडे करावे.

नाक पूर्ण चोंदलेले असल्यास, कान दुखत असल्यास, नाकातून रक्त येत असल्यास किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. लहान मुलांवर हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. नाकात कच्चे पाणी गेल्यावर काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या वा मान ताठरणे सुरू झाल्यास क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे आणि पाण्याची गोष्ट अवश्य सांगावी.

आणखी एक लक्षात ठेवावे. धुण्याने नाकातील धूळ निघते, फुप्फुसात उतरलेली नाही. तिच्यासाठी कामावर तोंडा-नाकावर योग्य मुखपट्टी बांधणे, रस्त्यावर पाणी शिंपडणे आणि ट्रकांवर ताडपत्री घालणे हेच उपाय. ते मागण्याचा हक्क कामगाराचा आहे.

मुलाने माझे ऐकले. निघताना पाहिले, तर आईने चुलीवर पाण्याचे भांडे आधीच ठेवले होते.